डाव्या हाताची मूठ

आमच्या बास्केटबॉल क्लबचे मालक नळ बनवतात. न्हाणीघरातले, चकचकीत, डावीकडे फिरवला की गरम आणि उजवीकडे फिरवला की गार. माणूस तसा वाईट नाही, पण नळ विकून क्लब विकत घेतला की खेळही आपोआप कळायला लागतो, असा त्यांचा समज. त्या वर्षी आम्ही सेमीफायनल जिंकलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना मीटिंगला बसवलं. भिंतीवर तक्ते लावले. गेल्या वीस वर्षांत ज्या ज्या टीमने लीग जिंकली, तिच्यात सगळ्यात जास्त पॉइंट कोणी केले, असं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. शूटरने, नाहीतर उंच सेंटरने. पॉइंट गार्डने फक्त तीनदा. तेव्हा निष्कर्ष असा, की पॉइंट गार्ड म्हणजे भिंतीतला पाइप. पाणी पडतं ते नळातून, आणि पाइप कुठलाही चालतो.

तो पाइप म्हणजे मी. वय छत्तीस, अकरा वर्षं त्याच क्लबात. मी म्हणालो, साहेब, पाइप काढून बघा एकदा, तुमच्या नळातून फुस्स करून हवा येईल. सगळे हसले. मालकही हसले. दोन दिवसांनी फायनलची बारा जणांची यादी लागली आणि तिच्यात मी नव्हतो. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. कोच माझ्याशी बोलायला आला तो सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मालकांचं म्हणणं त्याने तसंच्या तसं सांगितलं. माझा करार फायनलनंतर संपतो. नव्या पोराने फायनल जिंकून दिली, तर पुढची चार वर्षं जागा त्याची आणि मला फुलांचा गुच्छ. हरलो, तर बघू.

तो नवा पोरगा म्हणजे बारक्या. माझा सख्खा भाचा, ताईचा एकुलता एक, वय बावीस. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणतात ना, ते इथे लागू नाही. हा कानामागून आला नव्हता, मीच कान धरून आणला होता. सहा वर्षांचा असताना मी त्याच्या हातात पहिला बॉल दिला. क्लबात त्याला घ्या म्हणून मीच मालकांच्या मागे लागलो होतो. त्याच्यामुळे सगळी टीम मला मामा म्हणायला लागली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला मालिशवालासुद्धा.

आता पॉइंट गार्ड काय करतो ते सांगतो, कारण मालकांसारखे पुष्कळ असतात. बॉल मागून पुढे आणायचा, हे झालं हमालाचं काम. खरं काम म्हणजे, समोर नऊ माणसं पळत असताना पुढच्या दोन सेकंदांत कोण कुठे असेल ते ओळखायचं आणि आपल्या चौघांना सांगायचं. आणि सांगणार कसं? हॉलमध्ये पाच हजार माणसं बोंबलत असतात, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. म्हणून हात. उजव्या हाताने बॉल आपटत राहायचा आणि डावा हात वर करायचा. मूठ दाखवली की आमचा शूटर, ज्याला आम्ही तोफ्या म्हणतो, तो डाव्या कोपऱ्यात पळतो. उघडा पंजा दाखवला की तो बास्केटच्या समोर, मधोमध, तीन पॉइंटच्या रेषेबाहेर येऊन उभा राहतो. खुणा आणखी होत्या, पण सामना जिंकणाऱ्या आणि हरवणाऱ्या या दोनच.

या खुणा मी टीमच्या हाडात घातल्या होत्या. माझा नियम असा, की हात कुठेही वर झाला तरी तो दिसला पाहिजे. घोटा दुखावला म्हणून बाकावर बसलो असलो, तरी मध्येच मूठ वर करायचो. सरावात कधी गॅलरीत जाऊन बसायचो आणि तिथून पंजा दाखवायचो. एका सेकंदात जो आपल्या जागेवर पोचला नाही, त्याने हॉलचे जिने वीस वेळा चढायचे. एकदा विमानतळावर बॅगांची वाट बघत असताना मी गंमत म्हणून मूठ वर केली, तर तोफ्या ट्रॉली सोडून डावीकडच्या कोपऱ्यात पळत गेला. तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मला आईवरून शिवी दिली. आम्ही पोट धरून हसलो.

एवढं करून अकरा वर्षांत तीन फायनल खेळलो आणि तिन्ही हरलो. एक एका पॉइंटने, दुसरी चारने, आणि तिसरीचं बोलायलाच नको. लीगचं मेडल माझ्या घरात नाही. मला दुसरं काहीच नको होतं, लग्नही त्याच नादात राहून गेलं. आणि आता माझ्याशिवाय जिंकले असते, तर जन्मभर एकच वाक्य ऐकावं लागलं असतं: मामा गेला आणि कप आला.

यादी लागली त्या संध्याकाळी ताई घरी आली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, म्हणजे मला वाढवलं तिनेच. दाजीही लवकर गेले, तेव्हापासून ती शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवते, गोठवलेल्या मालाच्या थप्प्या उचलते आणि लावते. तिच्या हाताची पकड अशी, की लहानपणी रस्ता ओलांडताना मनगटावर वळ उठायचे. ती बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, की तुझं वाईट झालं ते मला कळतंय, पण पोराला मन लावून शिकव. तुझ्यात आणि त्याच्यात मी कधी फरक केला नाही, तूही करू नकोस. मी म्हटलं, शिकवतो.

आणि शिकवलं. हे कोणाला पटो न पटो, पण त्या दहा दिवसांत मी हातचं राखून काही ठेवलं नाही. समोरच्याच्या खांद्यावरून तो कुठे वळणार ते कसं ओळखायचं, दमलेल्या टीमला श्वास कसा मिळवून द्यायचा, सगळं दिलं. मुख्य म्हणजे न बघता पास. पास देताना तिकडे बघितलंस की समोरच्याला पत्ता कळला. खूण केलीस ना, मग तुझा माणूस तिथे असणारच. डोळे झाकून विश्वास ठेव आणि बॉल सोड. बारक्या म्हणायचा, मामा, आणि नसलाच तर? मी म्हणायचो, माझ्या टीममध्ये असं होत नाही.

फायनल दुपारी चारची होती. खेळाडूंच्या घरच्यांना पहिल्या रांगेत जागा देतात, बास्केटच्या बरोबर मागे. मी आणि ताई तिथे बसलो. सामना सुरू झाला तशी तिने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला तो सोडलाच नाही. बोटांची हाडं एकमेकांवर घासत होती. मी म्हटलं, अगं, हात आहे तो, फोर्कलिफ्टचा लिव्हर नाही. तिला ऐकूच गेलं नाही.

बारक्या चांगला खेळला. खोटं कशाला बोलू, माझ्याहून चांगला खेळला. मी जिथे थांबून विचार केला असता तिथे तो थांबत नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही याच बास्केटवर खेळायला लागलो आणि त्याचा चेहरा मला समोरून दिसायला लागला. घाबरलेला नव्हता. जेवायला बसावं तसा निवांत होता. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी गृहस्थ होते, पाच मिनिटं राहिली असताना ते शेजारच्याला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला अकरा वर्षं पोसलं. हा आधी असता तर तीन कप घरात असते." त्यांना माहीत नव्हतं मी पुढे बसलोय. माहीत असतं तर हळू बोलले असते, एवढंच. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या आणि ताई शेजारी देवाला काहीबाही कबूल करत होती.

नऊ सेकंद राहिले. आम्ही एका पॉइंटने मागे. कोचने टाइमआउट घेतला. काय सांगितलं असेल ते मला ठाऊक होतं, कारण मला तो तेच सांगायचा: बॉल पॉइंट गार्डकडे, समोरचे कसे उभे आहेत ते बघून तो ठरवेल, बाकीच्यांनी हात बघा. म्हणजे बघा, शेवटी सगळं त्या भिंतीतल्या पाइपावरच.

बारक्या बॉल घेऊन मधल्या रेषेवरून आला. समोरच्या टीमचे दोघे आधीच डाव्या कोपऱ्याकडे झुकून उभे होते. त्यांनी आमचे जुने सामने पाठ केले होते, आणि शेवटच्या क्षणाला मी काय करतो ते सगळ्या लीगला माहीत होतं. तिन्ही फायनलमध्ये मी शेवटी मूठच दाखवली होती. मधली जागा मात्र सताड उघडी पडली होती. बारक्याच्या जागी मी असतो तर चौथ्यांदा मूठ दाखवली असती आणि चौथ्यांदा हरलो असतो. बारक्याला ती जागा दिसली. त्याने पंजा वर केला. मला बसल्या जागी कळलं, की आता तोफ्या मध्ये येणार, मोकळा बॉल मिळणार, आणि त्याचा तो बॉल कधी चुकत नाही.

तोफ्या अजून बास्केटकडे तोंड करून उभा होता, बारक्याकडे वळायचा होता. बास्केटच्या बरोबर खाली, काचेच्या फळीमागे, मी. माझा डावा हात वर गेला. मूठ.

तोफ्याची नजर हलली आणि पाय तिच्याआधी हलले. तो डाव्या कोपऱ्यात पळाला. बारक्याने शिकवल्याप्रमाणे उजवीकडे बघितलं आणि न बघताच बॉल मध्ये सोडला. सुंदर पास होता, छातीच्या उंचीचा, हातात अलगद बसणारा, फक्त घ्यायला हात नव्हते. बॉल टप्पा खात मागे गेला, त्यांच्या एकाने उचलला आणि भोंगा वाजला. बारक्या दोन्ही हात तसेच पुढे धरून उभा राहिला. मागचे गृहस्थ म्हणाले, पोरगं कच्चंच निघालं.

ताई उठली, पर्स उचलली आणि लेकाकडे गेली.

ड्रेसिंग रूममध्ये तोफ्याने सांगितलं, की मला मूठ दिसली. कोणाची, ते नाही सांगितलं. कसं सांगणार? अकरा वर्षं पगार घेणारा शूटर फायनलच्या शेवटच्या सेकंदाला प्रेक्षकांत बसलेल्या माणसाचं ऐकून पळाला, हे बाहेर पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याची पेटी क्लबबाहेर असती. त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि बूट काढायला खाली वाकला. आम्हा दोघांचं तेवढ्यात ठरलं. बारक्या म्हणत होता, मी पंजा दाखवला, देवाशपथ पंजा दाखवला. चित्रीकरण बघितलं, तर त्याच्या डाव्या हातासमोर नेमका त्यांचा धिप्पाड गडी उभा, हात दिसतच नाही. कोच म्हणाला, जाऊ दे आता.

तीन दिवसांनी बारक्या माझ्याकडे आला. जेवला नव्हता, झोपलाही नव्हता. ते नऊ सेकंद त्याने शेकडो वेळा बघितले होते. समोर बसला आणि स्वतःचा डावा हात उघडून, मिटून, उघडून बघत राहिला. म्हणाला, "मामा, तोफ्यादादा खोटं कशाला बोलेल? मीच मूठ केली असेन. माझ्या मनात पंजा होता, पण हाताने मूठ केली असेल. असं होतं का रे?"

एका वाक्याचं काम होतं. माझ्या जिभेवर होतं ते वाक्य, मी ते गिळलं.

"घाईत होतं असं," मी म्हणालो. "पहिल्या फायनलला माझंही झालं होतं."

तेही खोटं होतं. पोरगा चक्क माझ्या पाया पडून गेला.

मालकांनी पुन्हा मीटिंग घेतली, पुन्हा तक्ते लावले. या वेळी निष्कर्ष असा निघाला, की कप पॉइंट गार्डच जिंकून देतो आणि पॉइंट गार्डच घालवतो. अनुभवाला पर्याय नाही. आपण सुरुवातीपासून हेच म्हणत होतो, असंही ते म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. माझा करार एका वर्षाने वाढला. बारक्याला सोडलं. त्याला खालच्या लीगमधल्या एका क्लबाने घेतलं, आणि तिथे त्याला ती सवय लागली. पास द्यायच्या आधी तो आपल्या वर केलेल्या हाताकडे बघायचा. पंजाच आहे ना, याची खात्री करून घ्यायचा. अर्ध्या सेकंदाचं काम, पण पॉइंट गार्डचा सगळा धंदा त्या अर्ध्या सेकंदाचा असतो. समोरचे हसायला लागले, मग त्याचेच लोक हसायला लागले. तो मला आपले सामने पाठवायचा, मामा, चूक कुठे होतेय ते सांग. मी सांगायचो. पाय कुठे टाक, कोपर कसं ठेव. हाताचं कधी बोललो नाही. पाच महिन्यांत त्यांनीही त्याला काढलं.

आणि पुढच्या वर्षी आम्ही लीग जिंकलो. फायनल पुन्हा शेवटच्या सेकंदांवर आली, समोरच्यांचे दोघे पुन्हा डाव्या कोपऱ्याकडे झुकून उभे, आणि मी पंजा दाखवला. बारक्याचा पंजा. तोफ्या मध्ये आला, बॉल घेतला, टाकला, पडला. पेपरात माझा फोटो आला, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की अजिंक्यपदामागचा मेंदू. ताई सामन्याला आली नव्हती. ती वर्षभर माझ्याकडे आलीच नव्हती, कामाचं कारण सांगायची.

चार दिवसांनी मीच मेडल घेऊन शीतगृहावर गेलो. जेवणाची सुट्टी होती. ताई बाहेरच्या ओट्यावर हातमोजे काढून बसली होती आणि शेजारी बारक्या खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लावून ठेवत होता. तो आता तिथेच कामाला लागलाय. मला बघून उडी मारून उठला. मेडल गळ्यात घालून बघितलं, दोन्ही बाजू बघितल्या, शेवटच्या पंजाचं तोंड भरून कौतुक केलं. मला सुचलं नसतं मामा, म्हणाला. माझ्यासाठी चहा आणायला पळत गेला.

तो आत गेल्यावर ताई बोलली. आवाज चढवला नाही.

"हात का वर केलास?"

मी म्हटलं, ताई, सवय गं. अकरा वर्षांची सवय. आपोआप गेला.

"आपोआप?" ती म्हणाली. "तुझा हात माझ्या हातात होता. मी दोन्ही हातांनी धरला होता."

खरंच होतं. ओढून काढावा लागला होता. पहिल्या हिसक्याला सुटला नव्हता, दुसऱ्यांदा ओढला तेव्हा सुटला. म्हणजे मधे वेळ होता. थोडाच, पण मला तेवढ्यात काय काय करता येतं ते अख्ख्या लीगला माहीत आहे.

मी विचारलं, की त्याला सांगितलंस का. तिने मानेनेच नाही म्हटलं. मला वाटलं, भावाची लाज राखतेय, आणि मला बरंही वाटलं. मग ती हातमोजे घालायला लागली, एकेक बोट नीट बसवत.

"खेळ गेला त्याचा," ती म्हणाली. "मामा तरी राहू दे त्याला. तू मात्र आता येऊ नकोस."

चहा आला. मी उभ्याउभ्या प्यायलो. बारक्या मला सोडायला फाटकापर्यंत आला, पुढच्या सीझनबद्दल विचारत होता, गुडघ्याला शेक घे म्हणत होता. फाटक मोठं लोखंडी होतं, ते उघडायला पहारेकऱ्याच्या खोलीकडे हात दाखवावा लागतो. बारक्याने डावा हात वर केला, पंजा उघडला, आणि मान वर करून तो पंजाच आहे ना ते एकदा बघून घेतलं. फाटक उघडलं आणि मी बाहेर पडलो.